घाटात दर वेळी गाडी दम सोडते? टर्बो बदलण्याआधी हे बघा

खंबाटकीचा चढ, तिसरा गियर, ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबलेला, आणि अचानक मागून कुणीतरी दोरी बांधून गाडी धरून ठेवल्यासारखं होतं. पिकअप गायब. आरपीएमचा काटा अडीच हजारांच्या वर सरकत नाही. डॅशबोर्डवर पिवळा इंजिन लाइट, मागे ट्रकचा हॉर्न. कशीबशी कडेला घ्यायची, बंद करायची, अर्धा मिनिट थांबून परत चालू करायची. की गाडी जणू काही झालंच नाही अशी पळायला लागते.

आमचं गाव कराडकडे, राहायला पुण्यात धायरीला. महिन्यातून एकदा तरी तो घाट आहेच. गाडी नऊ वर्षं जुनी, सव्वा लाख किलोमीटर झालेली, तेराशे सीसीची डिझेल हॅचबॅक, टर्बोवाली, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेली. पावणेदोन वर्षं हा खेळ चालला. एका गॅरेजने ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, साफ केला, दुसऱ्याने सेन्सर आणि पाइप बदलले, तिसऱ्याने पाच मिनिटं बघून सांगितलं, "साहेब, टर्बो गेला. अठ्ठेचाळीस हजार." टर्बो अजून तोच आहे आणि ठणठणीत आहे. तुमच्या गाडीची तक्रार अशीच असेल तर मी कुठे कुठे चुकलो ते वाचून तुमचा वेळ वाचेल.

आधी नेमकं काय होतं ते. इंजिनचा कंप्युटर, म्हणजे ईसीएम, दर क्षणाला ठरवत असतो की आत्ता इतकी हवा दाबून हवी. मॅनिफोल्डवरचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवरचा, प्रेशर सेन्सर, ज्याला मॅप सेन्सर म्हणतात, तो खरोखर किती आली ते सांगतो. मागणी आणि पुरवठा यात काही सेकंद मोठा फरक राहिला की ईसीएम डिझेल कमी करतो आणि गाडीला घरापर्यंत पोचण्यापुरती ताकद ठेवतो. हा लिंप मोड. बऱ्याच गाड्यांत चावी बंद-चालू केली की तो सुटतो, पण कोड आत नोंदलेला राहतो. हवा कमी पडली तर पी०२९९, प्रमाणाबाहेर झाली तर पी०२३४.

इथेच पहिली गल्लत होते. पी०२९९ याचा अर्थ "टर्बो खराब" असा नाही. "मागितली तेवढी हवा पोचली नाही" एवढाच आहे. रेशनच्या दुकानात धान्य कमी आलं म्हणून शेतकऱ्याने पिकवलंच नाही असं कुणी म्हणत नाही, वाटेत पोतं फाटलेलं असू शकतं.

दुसरी गल्लत गॅरेजवाले करतात आणि आपण करू देतो. स्कॅनर लावायचा, कोड बघायचा, लगेच पुसायचा, "झालं साहेब". कोडसोबत फ्रीझ फ्रेम नावाची नोंद असते, बिघाड झाला त्या क्षणाचा पंचनामाच. तीही पुसली जाते. ईएलएम३२७ नावाचा ब्लूटूथचा डबा काही शे रुपयांत मिळतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा आणि मोबाइलवर टॉर्कसारखं ॲप घ्यायचं. लाइट पेटलेला नसला तरी "पेंडिंग" कोड, म्हणजे अजून पक्के न झालेले बिघाड, बघायला विसरू नका. माझी फ्रीझ फ्रेम होती: २६४० आरपीएम, लोड ९८ टक्के, पाण्याचं तापमान ९३ अंश, वेग ६२. म्हणजे इंजिन पूर्ण तापलेलं, पूर्ण जोर लागलेला, तिसरा गियर. सपाट रस्त्यावर चौथ्या-पाचव्यात एकदाही नाही. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट वाचलं असतं तर सहा महिने वाचले असते.

चावी फिरवा, इंजिन चालू करू नका

फुकटातली ही तपासणी कुणीच करत नाही. इंजिन बंद, फक्त इग्निशन ऑन, आणि ॲपवर मॅपचा आकडा बघायचा. त्या वेळी तिथे बाहेरच्या हवेचाच दाब दिसला पाहिजे. मुंबईत तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणून इथे ९४-९५ दिसणं बरोबर. महाबळेश्वरला गेलात तर ८६ च्या आसपास. पुण्यात उभ्या गाडीत १०५ किंवा ८० दिसलं तर सेन्सरच खोटं बोलतोय, मग पुढचं सगळं तपासणं व्यर्थ. इंटरनेटवर बसलेली मंडळी १०१ पाहिजेच म्हणतात आणि पुण्यातला माणूस चांगला सेन्सर बदलून मोकळा होतो.

माझा ९५ दाखवत होता. म्हणजे सेन्सर प्रामाणिक.

एअर फिल्टर आणि त्याचा डबा उघडून बघा, उंदरांनी घर केलेलं सापडतं. ते झालं की मोकळ्या चढावर तिसऱ्या गियरमध्ये दीड हजार आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा आणि मॅपचा आकडा नोंदवायचा. मोबाइल शेजारच्या माणसाच्या हातात द्या, स्वतः बघत चालवू नका. ॲपमध्ये लॉग ठेवता येतो तो ठेवाच. हा आकडा बाहेरच्या दाबासकट असतो. म्हणजे २२० दिसलं तर त्यातले ९५ निसर्गाचे, टर्बोची कमाई १२५, म्हणजे सव्वा बार (शंभर किलोपास्कलचा एक बार). आणखी एक, हे ॲप ज्या ठरावीक मार्गाने आकडा मागतात त्यात तो २५५ च्या वर जाऊच शकत नाही. कुणी रीमॅप केलेल्या, म्हणजे ईसीएमचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवलेल्या, गाडीत २५५ ला चिकटलेला आकडा दाखवून "बघ, किती स्थिर बूस्ट" म्हणालं तर हसू दाबा.

माझ्या लॉगमध्ये आकडा १४०, १७५, २०५, २२१ असा छान चढला आणि एकदम १४८ वर आपटला. ही खूण महत्त्वाची. टर्बो थकला असेल, आतली धुराला दिशा देणारी पाती काजळीने अडकली असतील किंवा ती हलवणारा ॲक्च्युएटर ढिला असेल, तर आकडा मुळातच रडतखडत चढतो. व्यवस्थित चढून एकदम कोसळतो तेव्हा काहीतरी उघडलेलं असतं.

सिरिंजची करामत

या खुणेचा अर्थ मला आत्ता लिहिताना कळतोय. तेव्हा मी सरळ व्हॅक्यूमच्या मागे लागलो. माझ्या गाडीत टर्बोच्या पात्यांचा कोन बदलणारा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालतो. ईसीएम एका छोट्या सोलेनॉइडमार्फत (विजेवर चालणारी झडप) त्याला किती ओढ द्यायची ते ठरवतो. पंपापासून सोलेनॉइड आणि तिथून ॲक्च्युएटरपर्यंत पेन्सिलीएवढे रबरी पाइप असतात. उष्णतेने ते टोकाशी तडकतात, वरून काही दिसत नाही.

तपासायला महागडा पंप लागत नाही. औषधाच्या दुकानातून ६० मिलीची सिरिंज आणा. थंड इंजिनवर ॲक्च्युएटरचा पाइप काढा, तिथे सिरिंज जोडा आणि दट्ट्या मागे ओढा. ॲक्च्युएटरची दांडी सरसर, कुठेही न अडखळता सरकली पाहिजे, आणि दट्ट्या धरून ठेवला तर मिनिटभर तिथेच राहिली पाहिजे. हळूहळू परत आली तर आतला पडदा फाटलाय. अडकत अडकत सरकली तर पाती काजळीने जाम आहेत. ज्यांना घाटात पी०२३४ येतो त्यांनी इथे जास्त वेळ घालवावा, कारण शहरात हळू हळू चालणाऱ्या गाडीत काजळी साठून पाती बंद बाजूलाच अडकतात आणि जोर दिल्यावर दाब प्रमाणाबाहेर जातो. काही टर्बोंना पात्यांऐवजी साधा वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर बाजूने सोडणारी झडप, असतो आणि त्याचा ॲक्च्युएटर बऱ्याचदा ओढीवर नाही, दाबावर चालतो. तिथे ही सिरिंज उपयोगाची नाही. आपला कोणता ते आधी बघा.

माझी दांडी मस्त सरकली, पण सोलेनॉइडपाशी एका पाइपाच्या कोपऱ्यावर केसाएवढी चीर सापडली. मी खूश. नवीन पाइप आणला, दोन्ही टोकं नीट बसवली, घरी जाहीर केलं की दोनशे रुपयांत काम झालं. तीन आठवडे गाडी एकदम बरी होती. कारण तीन आठवडे मी कराडला गेलोच नव्हतो.

हवा भरून बघणं

घाटात पुन्हा तेच झाल्यावर लीक टेस्टचा घाट घातला. हार्डवेअरच्या दुकानातून टर्बोच्या बाहेरच्या पाइपात बसेल अशी पीव्हीसीची टोपी आणली, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. टर्बोकडून इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) जाणारा पाइप टर्बोच्या तोंडापासून सोडवायचा, त्यात ही टोपी खुपसून होज क्लिप आवळायची आणि तारेने मागे बांधायची. मग पंक्चरवाल्याकडे मिळतो तसला गेजवाला पंप घेऊन हवा. १५ पीएसआयच्या वर एक पॉइंटही नाही. टोपी सुटली तर गोफणीच्या दगडासारखी येते, म्हणून तिच्या समोर तोंड ठेवायचं नाही. एअर फिल्टरच्या बाजूने हवा भरू नका. ती ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, पाइपातून क्रँककेसमध्ये, इंजिनच्या खालच्या पोटात, जाते आणि ऑइल सील उखडू शकते.

दाब कधीच पूर्ण टिकत नाही, एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असतात, तिकडून सायलेन्सरमध्ये सूं आवाज येत राहतो. त्याने घाबरू नका. भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी स्प्रेने सगळ्या सांध्यांवर मारायचं आणि बुडबुडे शोधायचे. त्याआधी नुसतं बघा. या पाइपांत आतून थोडं ऑइल असतंच, ब्रीदरमधून येतं, तो टर्बो गेल्याचा पुरावा नाही. पण जिथून हवा फुटते तिथून हे ऑइलही बाहेर शिंपडतं आणि त्यावर धूळ बसते. कोरड्या पाइपावर एकाच जागी काळा, चिकट, मातकट डाग दिसला की तिथे बोट ठेवा.

माझ्याकडे असा डाग होता, इंटरकूलरकडून मॅनिफोल्डला जाणाऱ्या पाइपाच्या खालच्या वळणावर. बुडबुडा मात्र एकही नाही. पुसला, "जुना असेल" म्हणालो आणि टर्बोचं कोटेशन परत बाहेर काढलं.

गियरचा दांडा

आमच्या खाली एक काका राहतात, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. कंप्युटरवाल्या गाड्यांत ते पडत नाहीत. एकदा भाजीला सोबत आले आणि मी सिग्नलवरून जोरात गाडी काढली, तसे म्हणाले, "अरे, तुझा गियरचा दांडा बघ कसा नाचतोय. ॲक्सिलेटर दिला की मागं, सोडला की पुढं. फौंडेशन बघितलंस का कधी?"

फाउंडेशन म्हणजे इंजिन माउंट, गॅरेजात याला हाच शब्द चालतो. बॉनेट उघडून काकांनी इंजिनच्या वरच्या कव्हरवर हात ठेवून ते मागे ढकललं. दोन बोटं तरी हललं. खाली वाकून टॉर्च मारली तर मागचं डमरूच्या आकाराचं माउंट, त्याचं रबर अर्ध्यावर फाटून लोंबत होतं.

दुसऱ्या रविवारी परत टोपी बसवली, १५ पीएसआय हवा भरली, साबणाचं पाणी मारलं. बुडबुडा नाही. "आता धर," असं म्हणून काकांनी इंजिन मागे रेटलं आणि त्याच वळणावर फर्रकन फेस आला. सोडलं, फेस बंद. रेटलं, परत फर्र. दहा वेळा तरी केलं असेल, शेवटी शेवटी मजा म्हणून.

पाइप काढून हातात वाकवला तेव्हा वळणाच्या आतल्या बाजूला नखाएवढी चीर, तोंड मिटलेली. ताणला की उघडते. इंजिन सरळ बसलेलं असताना चीर बंद, म्हणून पहिली टेस्ट पास. तिसऱ्या गियरमध्ये चढावर पूर्ण जोर दिला की इंजिन मागे झुकतं, पाइप ताणला जातो, तापून मऊ झालेली चीर उघडते, ईसीएम हवेची वाट बघून बघून लिंप मोडला जातो. सपाटीला चौथ्या-पाचव्यात चाकांपर्यंतचा पीळ कमी, इंजिन तेवढं झुकतच नाही. फ्रीझ फ्रेममध्ये सगळं लिहिलेलं होतं.

जुनी बिलं चाळली तर दुसऱ्या गॅरेजने आदल्या वर्षी हाच पाइप बदललेला. म्हणजे नवा पाइपही वर्षभरात त्याच जागी फाटला होता. पाइप फाटत नव्हता, फाडला जात होता. मी आणखी एक नवा पाइप टाकून गप्प बसलो असतो तर पुढच्या वर्षी हीच कहाणी परत. माउंट आणि पाइप एकत्र बदलले. माउंटला गाडी उचलावी लागते. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, जॅक स्टँड लावा, आणि इंजिनला वरून किंवा खालून आधार दिल्याशिवाय शेवटचा बोल्ट सोडू नका. मी ते काम काकांच्या ओळखीच्या गॅरेजात केलं, शेजारी उभं राहून.

डब्याची गोष्ट

एक गोष्ट इतका वेळ सांगितली नाही. दोन वर्षांपूर्वी मी एक ट्यूनिंग बॉक्स बसवला होता. हा डबा कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या, प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसतो आणि ईसीएमला खऱ्यापेक्षा कमी दाब सांगतो. ईसीएम बिचारा दाब वाढवतो, जास्त डिझेल जातं, गाडी ओढते. मजा येते, खोटं कशाला बोलू. पण तो सगळा वाढीव पीळ त्याच जुन्या माउंटवर जात होता. आणि गॅरेजला जाताना मी डबा काढून ठेवायचो, डॉक्टरपासून तंबाखू लपवणाऱ्या पेशंटसारखा. तिन्ही गॅरेजांना मी अर्धीच केस सांगितली होती.

म्हणून ज्यांना घरी बदल करायचे आहेत त्यांना माझं म्हणणं: आधी कंपनीचे आकडे मिळवा. मूळ अवस्थेत गाडी २२० गाठून टिकवत नसेल तर २५० चं स्वप्न बघू नका. माउंट, क्लच आणि पाइप आधी, ताकद नंतर. रीमॅपच करायचा तर डायनोवर (गाडीची ताकद मोजणारं मशीन) आधी-नंतरचा लॉग देणाऱ्याकडेच जा. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, न जळलेलं डिझेल आहे. ईजीआर बंद करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा, प्रदूषण रोखण्यासाठीच तो बसवलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ नोंदींशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा तेच उकरून काढते.

सिलिकॉनचे रंगीत पाइप घेताना आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर आहे का विचारा. नुसत्या सिलिकॉनचा पाइप ऑइल पितो आणि डिझेल गाडीत काही महिन्यांत घामेजल्यासारखा होतो. आणि डिझेल गाडीला तो "फुस्स" करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावायचा असेल तर पैसे चितळ्यांकडे खर्च करा. पेट्रोलमध्ये थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, बंद झाल्यावर अडलेली हवा सोडायला तो लागतो. डिझेलमध्ये ॲक्सिलरेटर सोडल्यावर तशी वाट अडवणारं काही नसतंच. जो आवाज येतो तो मुद्दाम केलेल्या लीकचा, आणि मी त्याच लीकपायी पावणेदोन वर्षं घालवली.

टर्बो खरंच गेलाय का हे बघायचं असेल तर थंड इंजिनवर आत येणारा पाइप काढून दांडा बोटांनी हलवा. बाजूला किंचित हलणं ठीक, तो ऑइलच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे हलता कामा नये आणि पाती कुठेही घासल्याची चकाकी नको. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणारी वस्तू आहे ती, घासली की संपली. निळा धूर आणि ऑइल झपाट्याने कमी होणं हे मात्र गंभीर. सील फुटून इंजिन स्वतःचं ऑइल जाळायला लागलं तर चावी काढूनही बंद होत नाही. मोठ्या गियरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून ते मारावं लागतं. आणि इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाइप चालू इंजिनवर हाताने चाचपू नका. त्यात हजारावर बार दाब असू शकतो, गळणाऱ्या डिझेलची बारीक धार कातडीतून आत जाते.

मे महिन्यात चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू, अशा अवस्थेत खंबाटकी तिसऱ्यात चढलो. बायको मोबाइल धरून आकडे वाचत होती, २१८, २२२, २२०. वर पोचेपर्यंत ती कंटाळली आणि मोबाइल बंद करून ठेवला. ट्यूनिंग बॉक्स कपाटात आहे. कुणाला हवा असेल तर आधी गियरचा दांडा बघून घ्या.